मराठी मजकूर आणि दृष्टिबाधित वाचक : भारती ब्रेलपासून युनिकोडपर्यंत

संगणकाच्या पडद्यावर ‘भारत’ हा शब्द दोन ठिकाणी लिहिला आहे, असे समजू. डोळस वाचकाला दोन्ही शब्द सारखेच दिसतात. मात्र एखाद्या दृष्टिबाधित व्यक्तीने स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी आज्ञावली, सुरू करून तो ऐकला, तर पहिल्या ठिकाणी ‘भारत’ असा स्पष्ट उच्चार ऐकू येतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एच, के, के, जे, आर’ अशी निरर्थक इंग्रजी अक्षरे. पहिला शब्द युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला आहे, दुसरा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये. दुसरा शब्द दिसायला मराठी आहे. संगणकाच्या स्मृतीत मात्र तो मराठी नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती दिव्यांग असून त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टीसंबंधीचे अपंगत्व आहे. महाराष्ट्रात सर्व प्रकारच्या दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदविण्यात आली होती. या वाचकांसाठी सुलभ तंत्रज्ञानाची चर्चा होते, तेव्हा बहुधा महागड्या उपकरणांकडे लक्ष वेधले जाते. प्रत्यक्षात मजकूर वाचता येईल की नाही, याचा निर्णय उपकरण हाती येण्यापूर्वीच, मजकूर तयार करणाऱ्याच्या टेबलावर झालेला असतो. भारतीय भाषांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

सहा बिंदूंची लिपी

फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी आपली स्पर्शलिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. सहा उठावदार बिंदूंच्या चौकटीतून एकूण ६३ आकृती तयार होतात आणि प्रत्येक आकृती एका अक्षराचे किंवा चिन्हाचे काम करते. भारतात ही लिपी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. परंतु ती एकरूपाने आली नाही. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या व्यक्तींनी आपापल्या भाषेसाठी ब्रेलची स्वतंत्र मांडणी केली. परिणामी एका मांडणीत शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या मांडणीत छापलेले पुस्तक, भाषा ओळखीची असूनही, वाचता येत नसे.

स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या पुढाकाराने या प्रश्नावर विचारविनिमय झाला आणि १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी समान अशी ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली. तिचे सूत्र साधे होते. ध्वनी समान असेल, तर बिंदूही समान. ‘क’ हे अक्षर मराठीत, तमिळमध्ये आणि बंगालीत वेगवेगळ्या वळणाने लिहिले जात असले, तरी ब्रेलमध्ये त्याचे बिंदू एकच, पहिला आणि तिसरा. इंग्रजीतील ‘के’ या अक्षराचेही तेच. अनेक लिपी असलेल्या देशात बोटांना एकच लिपी शिकावी लागते, ही या योजनेची मोठी कमाई होय.

भारती ब्रेलचे आणखी एक वैशिष्ट्य येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील साऱ्या कथेचे मूळ त्यात आहे. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहिली जाते. ‘किती’ हा शब्द लिहिताना लेखणी आधी वेलांटीची दांडी आणि मग ‘क’ काढते. उच्चार करताना मात्र ‘क’ आधी येतो. रफाराची गत तशीच. ‘वर्ष’ या शब्दात ‘र्’ हा ‘ष’ च्या आधी उच्चारला जातो, पण कागदावर तो ‘ष’ च्या डोक्यावर बसतो. ब्रेलमध्ये वर, खाली, डावीकडे चिन्ह चढविण्याची सोय नाही. तेथे ओळ सरळ पुढे जाते. म्हणून ‘किती’ हा शब्द ब्रेलमध्ये क, इ, त, ई अशा चार चौकटींत, उच्चाराच्या क्रमाने लिहिला जातो. जोडाक्षरासाठी हलन्ताचा बिंदू आधी येतो. लिपीचे दृश्य रूप बाजूला ठेवून तिचा ध्वनिक्रम तेवढा नोंदवावा, हा विचार संगणकशास्त्रज्ञांपूर्वी कितीतरी वर्षे स्पर्शलिपीच्या रचनाकारांना करावा लागला होता.

ब्रेलची मर्यादा तिच्या आकारात आहे. मोठ्या ब्रेल पानावर साधारण २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत सुमारे ४० चौकटी मावतात. काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र चौकट लागत असल्याने तीन अक्षरांचा ‘भारत’ चार चौकटी व्यापतो. कागद जाड लागतो. त्यामुळे एखाद्या मध्यम आकाराच्या कादंबरीचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात. अशा परिस्थितीत स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईतून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ही मराठी पत्रकारितेच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी घटना आहे.

फाँट उतरवून घ्या

भारतीय लिपींसाठी संगणकीय संकेतांची आखणी १९८० च्या दशकात सुरू झाली. इनस्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिपींना समान असलेला कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित झाला, तर भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रसिद्ध केली. दोहोंचे तत्त्व भारती ब्रेलशी मिळतेजुळते होते. ‘क’ चा संकेत सर्व लिपींत एक आणि अक्षरांचा क्रम उच्चाराप्रमाणे. युनिकोडच्या देवनागरी विभागाची मांडणीही इस्कीच्या आधारेच झाली.

मात्र प्रत्यक्ष व्यवहार वेगळ्या वाटेने गेला. वृत्तपत्रे आणि मुद्रणालये यांना कागदावर सुबक अक्षर हवे होते. त्या वेळच्या संगणकप्रणालींमध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. यावर उपाय म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फाँट तयार करण्यात आले. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच राहिला. केवळ त्यावर मराठी पोशाख चढला. प्रत्येक कंपनीने आकारांची मांडणी आपापल्या पद्धतीने केल्याने एका फाँटमधील मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की अक्षरांचा चक्काचूर होत असे. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात मराठी संकेतस्थळे पाहणाऱ्या वाचकांना मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातील ‘फाँट उतरवून घ्या’ ही सूचना आठवत असेल. डोळस वाचकाने फाँट उतरवून घेतला की त्याचे काम भागत होते. दृष्टिबाधित वाचकाला त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण त्याच्या आज्ञावलीला अक्षराचा आकार दिसत नाही. तिला केवळ संकेत कळतो.

त्या काळातील अभियंत्यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे मुद्रणाचा प्रश्न होता आणि तो त्यांनी उत्तम रीतीने सोडविला. परंतु विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय उपलब्ध झाल्यावरही कार्यालयांतून आणि मुद्रणालयांतून जुने फाँट दीर्घकाळ वापरात राहिले, याचे कारण तांत्रिक नव्हते. बोटांना लागलेली सवय हेच त्याचे मुख्य कारण होते.

बोलणारा पडदा

स्क्रीन रीडर पडद्याचे छायाचित्र काढून वाचत नाही. प्रणालीकडून मजकुराचे संकेत, बटणांची नावे, शीर्षकांचे स्तर अशी माहिती घेऊन तो ती उच्चारयंत्रणेकडे किंवा ब्रेल दर्शकाकडे पाठवितो. ब्रेल दर्शकात लहान पिना वर-खाली होऊन अक्षरे उमटतात. अशी उपकरणे पूर्वी अतिशय महाग होती. आयआयटी दिल्लीने २०१९ मध्ये सादर केलेले ‘डॉटबुक’ हे या दिशेने झालेल्या भारतीय प्रयत्नांपैकी एक होय.

स्क्रीन रीडरपैकी ‘जॉज’ ही आज्ञावली १९८९ पासून उपलब्ध आहे. परंतु तिची किंमत भारतातील सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य आणि मुक्त आज्ञावलीचे काम सुरू केले. जेम्स टेह हे त्यांचे सहकारीही दृष्टिहीनच. सुलभतेच्या क्षेत्रात, ज्यांना गरज आहे त्यांनीच साधन घडविल्याचे हे ठळक उदाहरण आहे. भ्रमणध्वनीवर २००९ मध्ये आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ ही सुविधा आली. गुळगुळीत काचेवर चाचपडण्यासारखे काही नसताना दृष्टिबाधित व्यक्ती फोन कसा वापरणार, ही शंका त्यामुळे निकालात निघाली.

मजकूर युनिकोडमध्ये आला, तरी मराठीचे प्रश्न तेथे संपत नाहीत. ‘चहा’ आणि ‘चव’ या शब्दांतील ‘च’ चा उच्चार एक नाही. लिपीत मात्र अक्षर एकच आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारे साठविता येतो, आणि वाचणाऱ्या यंत्रणेला दोन्ही ठाऊक असावे लागतात. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. तोपर्यंत ‘अ’ वर चंद्र चढवून काम भागविले जात असे, आणि तसा मजकूर आजही आढळतो. संगणकावर मराठी आवाज बसविलेला नसेल आणि हिंदी आवाजाकडून वाचन करून घेतले, तर ‘ज्ञान’ चे ‘ग्यान’ होते आणि ‘२५’ चे ‘पच्चीस’. अर्थ कळतो, परंतु मराठी व्याकरणाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला अर्थ कळणे पुरेसे नसते.

‘ईस्पीक’ ही मुक्त उच्चारयंत्रणा मराठी वाचते. तिचा आवाज यांत्रिक आहे आणि नवख्याला तो कर्कश वाटतो. तरीही अनेक सरावलेले वापरकर्ते गोड मानवी आवाजाऐवजी असाच आवाज पसंत करतात, कारण वेग खूप वाढविला तरी त्यातील शब्द सुटे राहतात. सवय नसलेल्याला त्या वेगातील एक शब्दही कळत नाही.

मजकूर तयार करणाऱ्याची कामे

जागतिक संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आणि २०२३ मध्ये तिची २.२ ही सुधारणा आली. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. या दस्तऐवजांचा विस्तार मोठा आहे. मराठी पानाच्या बाबतीत मात्र काही गोष्टींनीच बहुतेक फरक पडतो.

पहिली गोष्ट, पानाची भाषा मराठी असल्याची नोंद पानाच्या संकेतात असली पाहिजे. ती नसेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदी किंवा इंग्रजी आवाजाच्या हवाली करू शकतो. या एका ओळीच्या नोंदीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. बातमीचे शीर्षक केवळ ठळक अक्षरांत न देता शीर्षक म्हणूनच नोंदवावे लागते, कारण दृष्टिबाधित वाचक कळफलकावरील एक कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. डोळस वाचक पानावरून नजर फिरवितो, तसेच हे आहे. शीर्षके नोंदविलेली नसतील, तर संपूर्ण पान पहिल्या ओळीपासून ऐकण्यावाचून गत्यंतर नसते. अनेक वाचक पानावरील दुव्यांची यादी स्वतंत्र ऐकतात. तेथे ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’ असे वीस वेळा ऐकू आले, तर कोणता दुवा कशाचा, हे कळत नाही. छायाचित्राला वर्णन नसेल, तर फाईलचे सांकेतिक नाव वाचून दाखविले जाते.

आणि स्कॅन केलेली परिपत्रके. सही आणि शिक्का दिसावा म्हणून मुद्रित कागद स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याची किंवा त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठविण्याची प्रथा सर्वत्र आहे. असे परिपत्रक युनिकोडमध्ये टंकलिखित झालेले असते; मग ते छापले जाते, आणि पुन्हा त्याचे चित्र बनविले जाते. वाचनीय मजकूर हाती असताना तो अवाचनीय करण्याचे हे श्रम आहेत. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावली आता मराठीतही बरे काम करतात. परंतु तक्ते, आकडे आणि अंधुक शिक्के यांपुढे त्या गोंधळतात, आणि परीक्षेच्या वेळापत्रकात एक आकडा चुकणे परवडणारे नसते.

पुस्तकांच्या बाबतीत कायद्याचीही अडचण होती. प्रताधिकार असलेले पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात आणण्यासाठी परवानगी लागत असे. २०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रती करण्याची मुभा दिली. जून २०१३ मध्ये झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

हक्काचा प्रश्न

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांऐवजी त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि माहिती व संपर्काच्या साधनांच्या सुलभतेविषयी स्वतंत्र तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञानाची उत्पादने व सेवा यांच्या सुलभतेसाठी भारतीय मानक ‘आयएस १७८०२’ हेही २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले आहे. तथापि नियमांतील मानके सक्तीची की केवळ शिफारसवजा, हा वाद राहिला. राजीव रतूडी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय देताना संबंधित नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि सक्तीची मानके निश्चित करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.

त्यानंतरचा, ३० एप्रिल २०२५ चा निर्णय सर्वसामान्यांच्या दैनंदिन व्यवहाराला अधिक भिडणारा आहे. बँकेचे खाते किंवा भ्रमणध्वनीची जोडणी घेण्यासाठी ऑनलाइन ओळखपडताळणी करताना ‘डोळ्यांची उघडझाप करा’, ‘चेहरा चौकटीत आणा’ अशा सूचना देण्यात येतात. समोर जिवंत व्यक्ती आहे, याची खात्री करणे हा त्यामागील हेतू. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीला पापणी मिटता येत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीला चौकट कोठे आहे हे दिसत नाही. प्रज्ञा प्रसून आणि अन्य याचिकाकर्त्यांच्या या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि पडताळणीचे पर्यायी मार्ग उपलब्ध करण्यासह २० निर्देश दिले. दोष यंत्रात नव्हता. वापरणाऱ्याला मिटता येण्याजोगे डोळे असणारच, हे गृहीत धरण्यात होता.

बोलणाऱ्या एटीएमची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. युनियन बँक ऑफ इंडियाने जून २०१२ मध्ये अहमदाबाद येथे असे पहिले यंत्र बसविले. श्रवणयंत्र जोडले की सूचना कानात ऐकू येतात आणि पडदा झाकण्याचीही सोय असते, जेणेकरून मागे उभ्या असलेल्या माणसाला शिल्लक रक्कम दिसू नये. तोपर्यंत दृष्टिहीन खातेदाराला आपला गुप्त क्रमांक दुसऱ्या कोणाला तरी सांगावा लागत होता.

या लेखात दृष्टिबाधित वाचकांचा विचार प्रामुख्याने केला असला, तरी युनिकोड मजकुराचा लाभ इतरांनाही होतो. अंधुक दृष्टीच्या ज्येष्ठ नागरिकाला असा मजकूर मोठा करून पाहता येतो. कर्णबधिर प्रेक्षकांसाठीची उपशीर्षके शोधता आणि भाषांतरित करता येतात. वाचनदोष असलेल्या मुलाला तोच धडा पाहत-ऐकत वाचता येतो.

शिल्लक राहतो तो जुन्या मजकुराचा साठा. सुमारे १९९० ते २०१० या काळातील मराठी पुस्तके, अंक, अहवाल यांच्या असंख्य फाईल जुन्या फाँटमध्ये आहेत. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध असून बातम्यांच्या कक्षात काम करणाऱ्यांना त्यांचे गुणदोष चांगलेच परिचित आहेत. फाँटनुसार आकारांची तालिका लावून त्या अक्षरे बदलतात. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे न्यावी लागते, रफार उचलून पुढे आणावा लागतो. मूळ मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असेल, तर त्याचेही देवनागरीत काहीतरी अगम्य होऊन बसते. सर्वांत जास्त चुका रफाराच्या होतात. ‘वर्ष’ चा ‘वषर्’ झालेला आजही अनेक संकेतस्थळांवर आढळतो. डोळ्यांनी वाचणारा तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. कानांनी वाचणारा थांबतो, एक शब्द मागे जातो आणि अक्षर अक्षर सुटे करून पुन्हा ऐकतो.